पान सत्तावीस

माझ्या चुलतसासऱ्यांइतका मान वर करून चालणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतक्या वेळा पाण्याच्या पाटात पडलेलाही. मान वर म्हणजे ताठा नव्हे. ताठा त्यांच्या घराण्यात कुणाला परवडलाच नव्हता. त्यांचं लक्ष आभाळात असायचं, एवढंच. नाशिकहून निफाडकडे जाताना मोठ्या रस्त्यापासून थोडा आत त्यांचा मळा होता. निम्म्यात भाजीपाला, निम्म्यात शेवंती आणि गुलाब, आणि बांधाच्या पलीकडे एक छोटीशी धावपट्टी. विमान चालवायला शिकवणारी एक खासगी संस्था तिथे होती. संस्था म्हणजे एक पत्र्याची शेड, एक पन्नाशीचे कॅप्टन, एक वॉचमन आणि दोन लहान विमानं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. दुसरा कुणी असता तर रोजच्या त्या घरघरीनं वैतागून अर्ज करत हिंडला असता. यांना मात्र ती धावपट्टी आपल्यासाठीच बांधली आहे असं वाटायचं. विमान सुरू झालं की हातातलं खुरपं हातातच राही, पाय चालत राहात, आणि थोड्या वेळानं पाटातून आवाज येई, "मला काय नाय झालं, तुम्ही आपलं काम करा!"

त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. फुलं विकून मार्केटमधून परत येताना रद्दीच्या दुकानात त्यांना ते किलोच्या भावात मिळालं होतं. पुढचं-मागचं कव्हर गेलेलं, पानोपानी विमानांच्या काळ्या आकृत्या, खाली बारीक इंग्रजी मजकूर. चुलतसासऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्यामुळे जगातल्या यच्चयावत विमानांची नावं त्यांनी पानांच्या नंबरावरून ठेवली. वर पंख आणि पुढे एक चाक असलेलं, बांधापलीकडचं नेहमीचं विमान म्हणजे पान सत्तावीस. पंख खाली आणि शेपटीला चाक असलेलं ते पान अठरा. उंचावरून जाणारं, दोन इंजिनांचं, पान त्रेपन्न. घरात बोलणंही त्याच भाषेत चाले. "आज सत्तावीस लय उशिरा निघालं," असं काकू भाकरी थापताना सहज म्हणत, आणि नवखा माणूस सत्तावीस नंबरची एसटी समजून मान डोलवी. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचं ही त्यांची खास विद्या होती. गावातली रिकामटेकडी मंडळी त्यांच्या डोळ्यांवर उपरणं बांधून परीक्षा घेत, आणि हरून, एकेक कांदा-भाकर खाऊन, घरी जात.

ही विद्या त्यांनी कुठे वापरावी याला काही धरबंध नव्हता. माझ्या बायकोचे वडील लवकर गेले, त्यामुळे तिचं शिक्षण आणि लग्न यांनीच केलं. लग्नात अंतरपाटाचं एक टोक हौसेनं यांनी धरलं होतं. मंगलाष्टकं रंगात आली, मी हार सावरून डोळे मिटून उभा, आणि तेवढ्यात वरून घरघर आली. चुलतसासऱ्यांचा हात आपोआप वर गेला, अंतरपाट खाली गेला, आणि मुहूर्ताच्या चांगली चार मिनिटं आधी मी आणि माझी बायको एकमेकांकडे बघत उभे राहिलो. भटजींच्या माइकमधून मांडवभर ऐकू गेलं, "पान अठरा! शेपटीला चाक हाय, बघा, बघा!" निम्मा मांडव विमान बघायला बाहेर पळाला. शाळेतले माझे सहकारी पुढे दोन वर्षं मला स्टाफरूममध्ये 'पान अठरा' म्हणत. तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. लाज या विषयात मी किती कच्चा होतो हे कळायला अजून अवकाश होता.

मी नाशिकमधल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायचो. एकदा चुलतसासरे शाळेच्या गॅदरिंगसाठी फुलांची पाटी घेऊन आले. मी मागितली नव्हती, त्यांनीच ऐकून आणली होती. टोपी, धोतर, पायांना चिखल, आणि डोक्यावर शेवंतीची पाटी. ती वर्गाच्या दारात ठेवून ते भिंतीवरच्या विमानाच्या तक्त्यासमोर उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, "ह्या चित्रात पंख लय मागं काढलाय. आसं इमान उडायचं नाय, उडालं तर नाकावर पडायचं." पोरं हसली. एकानं विचारलं, "सर, हे कोण?" आणि मी म्हणालो, "आमच्या ओळखीचे आहेत, मळ्यावरचे." मळ्यावरचे! ते ऐकून ते नुसते हसले आणि पाटी रिकामी करून गेले. तक्त्याचं म्हणाल, तर मी नंतर गुपचूप पुस्तकात पाहिलं. पंख खरोखरच मागे होता.

त्यांना विमानाच्या शिक्षणाचं पहिलं बोट धरायला मिळालं ते विहिरीवरच्या इंजिनाचं. ते इंजिन त्यांनी इतक्या वेळा खोललं आणि जोडलं होतं, की त्याच्या खोकल्यावरून ते रोग सांगत. हवा धरली तर कसं बोलतं, कचरा अडकला तर कसं, डिझेल संपत आलं तर कसं. तेच कान त्यांनी आभाळाकडे लावले. एकदा सत्तावीस डोक्यावरून गेलं तसे ते बांध ओलांडून शेडमध्ये गेले आणि कॅप्टनना म्हणाले, "साहेब, चारातलं एक शिलेंडर रुसलंय." कॅप्टन हसले. पण माणूस भला, त्यांनी इंजिन उघडून पाहिलं, तर एक प्लग खरंच काजळीनं भरलेला. त्या दिवसापासून कॅप्टन मळ्यावरून जाताना विमानाचे पंख एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला हलवत. चुलतसासरे वावरात उभे राहून टोपी काढत. आणि ते नेहमी म्हणत, "येक दिवस सरकारचा साहेब यील, आन मला इचारल, बाबा, तुला काय वाटतं? त्या दिवशी मी बोलन. आज तुम्हाला सांगून काय उपेग?"

तो साहेब आला. पण त्याआधी मला धोंड्याच्या महिन्याचं सांगावं लागेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात अधिक महिना आला, आणि जावयाला वाण द्यायला मला मळ्यावर बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णूचं रूप. त्यानं पाटावर बसायचं, अनारसे खायचे आणि कशालाही हात लावायचा नाही. मी सकाळपासून विष्णूसारखा बसून होतो. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी मला उचलू देईना. दुपारी चुलतसासरे नाशिकला मार्केटला गेलेले, बायको आतल्या खोलीत झोपलेली, आणि मी ओसरीवर खाऊन खाऊन सुस्तावलेला. इतक्यात बांधावरून वॉचमन आला. धावपट्टीवरचं एक रिकामं टिपाड, म्हणजे ते दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, हिवाळ्यात फवारणीचं पाणी साठवायला त्यानं चुलतसासऱ्यांना दिलं होतं. आता विमानाच्या पेट्रोलचं एक पिंप गळायला लागलं होतं, त्यातलं पेट्रोल ओतायला हे परत हवं होतं.

काकू म्हणाल्या, "घेऊन जा, मागं पडलंय." पण मला उत्साह आला. दिवसभर काही काम न करता बसलेल्या माणसाचा उत्साह वाईट असतो. मी म्हणालो, "असं कसं द्यायचं? शेजारचं भांडं आहे, धुऊन द्यावं." आमच्या आईनं लहानपणापासून शिकवलेलं होतं, दुसऱ्याचं भांडं खरकटं परत करायचं नाही. काकू "राहू द्या, राहू द्या" म्हणत असताना मी बाह्या सरसावल्या. मोरचुदाचा निळा थर होता, तो खळखळून काढला. तीनदा पाणी घातलं, तीनदा हिसळलं, उलटं करून उन्हात ठेवलं, वॉचमनला घाई होती म्हणून थोडाच वेळ. वरून बुचाच्या भोकातून पाहिलं तर आत स्वच्छ अंधार. मी स्वतःच्या हातानं बूच घट्ट लावलं. शेजारच्याला रिकामं भांडं द्यायचं नसतं, म्हणून काकूंनी वर किलोभर भेंडी आणि दोन दुधी भोपळे बांधून दिले. वॉचमन खूश, काकू खूश, आणि मला तर आपण किती संस्कारी आहोत याचं कौतुक वाटून मी आणखी एक अनारसा खाल्ला.

पिंप उलटं केलं तरी त्याच्या काठाच्या आत पाणी अडून राहतं. वॉचमनला त्याचं ज्ञान नव्हतं. मला असायला हवं होतं. पाणी आणि तेल एकत्र केलं की पाणी जड म्हणून तळाशी बसतं, हा प्रयोग मी दर वर्षी आठवीच्या वर्गात काचेच्या बाटलीत करून दाखवायचो, आणि 'कारण द्या' म्हणून चाचणीत विचारायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. सत्तावीस सुरू झालं. चुलतसासरे बशी तोंडाला लावून ऐकत होते. विमान धावलं, वर उठलं, आमच्या डोक्यावर आलं, आणि आवाज एकदम तुटला. परत आला, खोकल्यासारखा, दोनदा, आणि मग पूर्ण गप. गप विमानाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. नुसती वाऱ्याची सळसळ असते. चुलतसासरे बशी टाकून उभे राहिले आणि ओरडले, "वळू नका साहेब! सरळ! सरळ जाऊ द्या!" जणू कॅप्टनना ऐकू जाणार होतं. विमान वळलं नाही. सरळ पुढे, आमच्याच भेंडीच्या वावरात उतरलं, बांधाला अडखळलं आणि नाकावर उभं राहिलं.

आम्ही धावलो. गावही धावत आलं. कॅप्टनना बाहेर काढलं, शुद्धीवर होते, पाय मोडला होता. त्यांना जीपमध्ये घालून निफाडकडे पाठवलं. तोवर गर्दीचा बाजार झाला होता आणि पडलं काय यावर वाद सुरू झाला. कुणी म्हणे हेलिकॉप्टर, कुणी म्हणे लष्कराचं, एक जण तर पाकिस्तानचं म्हणायला लागला. चुलतसासऱ्यांनी एक हात वर केला. "सत्तावीस हाय. दोन माणसांचं, वर पंख, चार शिलेंडर. आन का पडलं त्ये पण सांगतो." आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण आलाच होता, फक्त साहेबाऐवजी गाव होतं. ते एकेक कारण बोटावर घेऊन खोडत गेले. "पंखाला उचल कमी पडली आसती तर इंजिन शेवटपर्यंत वरडत राह्यलं आसतं. ह्ये आधी गप झालं. म्हंजे पंखाचं नाय. पेट्रोल संपलं आसतं तर आधी हळूहळू दम लागतो. ह्ये भरल्या टाकीनं निघालं, वावरात वास बघा की. आन जागेवर उभं आसताना बरं चाललं, नाक वर केल्यावर मेलं. म्हंजे टाकीच्या तळाशी काहीतरी होतं, त्ये नाक वर झाल्यावर इंजिनात गेलं. आपल्या हिरीवरच्या इंजिनात गेल्या साली गेलं होतं तेच. पाणी! पेट्रोलात पाणी हाय. कॅप्टनचा काय दोष नाय, उलट वळला नाय म्हून वाचला."

टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या. कुणीतरी विचारलं, "पण पाणी आलं कुठून?" चुलतसासरे वॉचमनकडे वळले. "पेट्रोल कशातून भरलं रे?" वॉचमन म्हणाला, "टिपाडातून. तुमच्याच घरून नेलं नाय का काल. चांगलं धुऊनबिऊन दिलं ना." चुलतसासरे म्हणाले, "कुनी धु..." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. टोपी नीट केली आणि म्हणाले, "चला, भेंडी तुडवू नका, व्हा बाजूला."

त्यानंतर त्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काकांना कळलंय. तुम्ही आता काही बोलू नका." मी अजून शाळेत कायम झालो नव्हतो. पोलीस, पंचनामा, शाळेत चौकशी, वर्तमानपत्रात नाव, हे सगळं मला रात्रभर दिसत होतं. कॅप्टनचा मोडलेला पाय त्या मानानं कमी वेळा दिसला, हे लिहायला आज जड जातं. पण तसंच झालं.

दोन दिवसांनी मुंबईहून चौकशीला साहेब आले. ओसरीवर खाट टाकली, गाव अंगणात उभं राहिलं. मी चुलतसासऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. कोनाड्यात कायम असलेलं ते पुस्तक जागेवर नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, ते त्यांच्या खाली होतं. ते पुस्तकावर बसले होते.

साहेबांनी टाकीतलं पेट्रोल तपासून आणलं होतं. पाणी सापडलं होतं. ते म्हणाले, "हे पिंप तुमच्या घरातून गेलं?"

"व्हय साहेब."

"धुतलं कुणी?"

मी बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, 'मी धुतलं.' दोन शब्द. अंगणात वॉचमन मान खाली घालून उभा होता. काकू दारात होत्या. मी घसा खाकरलासुद्धा. पण खाकरून थांबलो.

"म्या धुतलं," चुलतसासरे म्हणाले.

"पेट्रोलचं पिंप पाण्यानं धुतलं? आणि न वाळवता दिलं?"

"आडानी माणूस हाय साहेब. शेवंती लावतो, भेंडी लावतो. मला काय ठावं, पेट्रोलात पाणी चालत नाय म्हून."

सगळं गाव हे ऐकत होतं. दोनच दिवसांपूर्वी भेंडीच्या वावरात ज्यानं विमानाचं मरण बोटांवर मोजून दाखवलं, तो माणूस सरकारच्या साहेबासमोर बसून म्हणत होता, मला काय ठावं. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. साहेब लिहीत राहिले. शेजारी विज्ञानाचा मास्तर बसला होता आणि त्याच्या हातातला चहा गार झाला होता. साहेबांनी त्यांना बरंच झापलं, शिकलेल्या माणसाला विचारत जा असं सांगितलं, आणि उठताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिक्षक ना? जरा समजावत चला यांना." मी मान हलवली. होय, हलवली.

पुढे काय व्हायचं ते झालं. उडण्याआधी टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून बघायचं असतं, ते बघितलं नव्हतं, असं अहवालात आल्याचं ऐकलं. चुलतसासऱ्यांवर काही आलं नाही. ते फुलं घेऊन कॅप्टनना दवाखान्यात बघायला गेले, मला बरोबर घेऊन. कॅप्टन पाय टांगून पडले होते. ते चुलतसासऱ्यांकडे बघून म्हणाले, "काका, प्लगची काजळी आभाळातून ओळखणारा माणूस पिंपात पाणी ठेवतो?" चुलतसासरे म्हणाले, "म्हातारपन साहेब." कॅप्टननी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. तपासायचं काम माझं होतं." तिथे आम्ही तिघं होतो. त्यातल्या दोघांनी चूक आपल्या अंगावर घेतली, आणि तिसरा मोसंबी सोलत होता.

मी शाळेत कायम झालो. काही वर्षांनी मुख्याध्यापकही झालो. कॅप्टन बरे होऊन दुसरीकडे उडायला लागले, संस्था बंद पडली, धावपट्टीच्या जागेवर कांद्याची गोदामं आली. वॉचमन चुलतसासऱ्यांच्याच मळ्यात कामाला लागला. वर्षातून तीन-चारदा आम्ही मळ्यावर जायचो. आणि दर वेळी एक गोष्ट माझ्या काळजाला लागायची. वरून विमान जायचं, कधी हेलिकॉप्टर जायचं, आणि चुलतसासरे वर बघत नसत. खुरपणी करत असले तर खुरपत राहात. एकदा मी धीर करून म्हणालो, "कुठलं असेल हो हे?" ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं, जावईबुवा. तुम्ही गुलाब बघा, औंदा लय भारी आलाय." कोनाड्यात पुस्तक नव्हतं. पाटात पडणंही बंद झालं होतं. ज्या माणसाला पेट्रोलात पाणी चालत नाही हे माहीत नाही, त्याला पान सत्तावीस माहीत असून कसं चालेल? माझ्यासाठी बोललेली एक थाप निभावायला त्यांनी सगळं आभाळ सोडलं, असं मला वाटे. मग मी जाणं कमी केलं. शाळेचं काम आहे, परीक्षा आहेत, निवडणुकीची ड्युटी आहे, असं काहीबाही सांगायचो. माझ्याकडे कारणांचा तुटवडा कधी नव्हता.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. तेराव्याला मळ्यावर पंगत बसली. अंगणात दोन्ही बाजूंनी माणसं, मधून वाढपी. माझ्या शेजारी तो जुना वॉचमन बसला होता, आता केस पिकलेला. पहिला वरण-भात झाला असेल, आणि पश्चिमेकडून घरघर आली. लहान विमान होतं, बरंच खाली, मळ्यावरून सरळ गेलं. मी वर बघितलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की अख्ख्या पंगतीत वर बघणारा मी एकटाच होतो. साठ-सत्तर माणसं पत्रावळीकडे बघत जेवत होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराबाळांपर्यंत सगळ्यांच्या माना खाली. डोक्यावरून विमान जातं आणि एक पोर वर बघत नाही, असं कुठे असतं?

वॉचमनच्या तोंडून सुटलं, "पान एकोणचा..." आणि त्यानं घास तोंडात कोंबला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय नाय, जावईबुवा. मिरची लागली."

समोरच्या ओळीतली एक बाई हसू दाबत होती. तिच्या शेजारच्या पोरीला तिनं कोपर मारलं. मी त्या सगळ्या खाली घातलेल्या मानांकडे बघत राहिलो, आणि मला हळूहळू कळायला लागलं. एकोणचाळीस. पुस्तक होतं, कुठेतरी होतं. या सगळ्यांना पानं पाठ होती. ते शिकवत होते, मी नसताना, इतकी वर्षं.

मग मला ते सहन झालं नाही. मी उष्ट्या हातानं उभा राहिलो. पंगतीतून मध्येच उठू नये हे मला कळतं. पण उठलो, आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात, प्रार्थनेला बोलायचो तसं, बोललो, "ऐका. तेव्हा ते टिपाड मी धुतलं होतं. काकांनी नाही. मी धुतलं होतं."

वाढपी भाताची परात घेऊन थांबला. शेवटी ओसरीच्या दारातून काकूंचा आवाज आला, नेहमीसारखाच, भाकरीच्या तव्यावरून यायचा तसा.

"ठावं हाय, जावईबुवा. सगळ्या गावाला त्याच दिवशी ठावं झालं. यांनी घरोघरी सांगून ठेवलं होतं, जावई आले की इमानाचं नाव काढायचं नाय, वर बघायचं नाय. त्येंचं जेवणात लक्ष लागत नाय म्हून."

मी तसाच उभा होतो, हाताला भात, डोळ्यांत पाणी, बासष्ट वर्षांचा गावचा जावई. वॉचमननं माझ्या सदऱ्याचं टोक हळूच ओढलं.

"बसा आता," तो म्हणाला. "पंगत खोळंबलीय."

मी बसलो. वाढप्यानं मला भात वाढला, आणि सगळे पुन्हा जेवायला लागले.